चेहऱ्यावरून हजेरी : कोणती वर्गीकरण पद्धत, कधी आणि का

अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष असो की एमसीए, प्रोजेक्टच्या विषयांच्या यादीत 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम' असतेच. कोड इंटरनेटवर तयार मिळतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते, चौकटीवर नाव येतं, आणि गटाला वाटतं, झालं काम. मग व्हायव्हाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, "एसव्हीएमच का घेतलं? केएनएन का नाही?" त्याचं उत्तर जुळवेपर्यंत दुसरा प्रश्न येतो, "मी तुमच्या वर्गात नाही. माझ्यावर कॅमेरा धरा बरं." चौकटीवर तुमच्यातल्याच कुणाचं तरी नाव झळकतं.

हा लेख त्या दोन प्रश्नांसाठी आहे. एसव्हीएम आणि केएनएन या वर्गीकरणाच्या, म्हणजे चेहऱ्याला यादीतलं नाव देण्याच्या, पद्धती आहेत; पुढे त्या एकेक करून येतील. मी हा प्रोजेक्ट केला आहे आणि नंतर ज्युनियर गटांचे बरेच पाहिले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्गीकरणाच्या पद्धतीच्या नावावर जेवढी चर्चा होते, तेवढा फरक त्या नावाने पडत नाही. फरक पडतो तो पद्धतीच्या हातात चेहरा कोणत्या रूपात दिला यावर, आणि 'हा माणूस माझ्या ओळखीचा नाही' असं म्हणायची सोय ठेवली की नाही यावर. तरीही जुन्या पद्धती क्रमाने करून पाहा. त्या केल्याशिवाय हे पटत नाही, आणि व्हायव्हाला सांगताही येत नाही.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप. ग्राफिक्स कार्डाची गरज शेवटच्या टप्प्यापर्यंत लागत नाही, आणि तिथेही तयार मॉडेल वापरलं तर लागत नाही.
- पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि तिच्या नमपाय (आकडेमोडीसाठी) व सायकिट-लर्न (वर्गीकरणाच्या पद्धतींसाठी) या लायब्ररी.
- ओपनसीव्ही या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीचं 'कॉन्ट्रिब' पॅकेज. साध्या पॅकेजमध्ये चेहरा ओळखण्याचा 'फेस' विभाग नसतो, आणि मग 'असा विभागच नाही' असा एरर येतो. साधं आणि कॉन्ट्रिब दोन्ही एकाच ठिकाणी टाकू नका, एकमेकांच्या पायात येतात. साधं काढून टाका, कॉन्ट्रिब ठेवा.
- सरावासाठी चेहऱ्यांच्या फोटोंचे दोन तयार संग्रह, म्हणजे डेटासेट : ओलिवेट्टी आणि एलएफडब्ल्यू. दोन्ही सायकिट-लर्नमधून एका ओळीत उतरवता येतात.
- वर्गातल्या मुलांचे फोटो घेणार असाल तर प्रत्येकाचं लेखी संमतीपत्र. याबद्दल शेवटी सविस्तर.

## १. आधी प्रश्न कोणता ते ठरवा

तीन वेगळी कामं 'फेस रेकग्निशन' या एकाच नावाखाली चालतात.

पहिलं काम, चेहरा शोधणं. फोटोत चेहरा कुठे आहे, एवढंच. पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांची २००१ची पद्धत हेच करते, आणि ओपनसीव्हीसोबत येणारी 'हार कॅस्केड' फाइल त्याच पद्धतीची आहे. रिपोर्टात "आम्ही हार कॅस्केड वापरून विद्यार्थी ओळखतो" असं वाक्य दर तिसऱ्या गटाचं असतं. ते चूक आहे. कॅस्केडला चेहरा दिसतो. तो कोणाचा, याचा त्याला पत्ता नसतो.

दुसरं, पडताळणी. माणूस सांगतो मी अमुक, यंत्र त्या एकाच नोंदीशी ताडून हो किंवा नाही म्हणतं. आधारचं चेहऱ्यावरून होणारं प्रमाणीकरण या जातीचं. एकास एक.

तिसरं, ओळख पटवणं. कोणी काही सांगत नाही, यंत्राने यादीतून शोधायचं. हजेरी या जातीची. यातही दोन प्रकार. समोर येणारा प्रत्येकजण यादीतला असणारच अशी खात्री असेल तर ती बंद यादी. वर्गाच्या दारात मात्र शिपाई येतो, शेजारच्या वर्गातली मुलं येतात, एक्स्टर्नल येतात. म्हणजे तुमची यादी उघडी आहे. वर्गीकरणाच्या पुस्तकी पद्धती बहुतेक बंद यादी गृहीत धरून लिहिलेल्या आहेत, आणि सगळी गोची तिथूनच सुरू होते.

हे ठरलं की तीन उत्तरं वहीत लिहून ठेवा : एका माणसाचे किती फोटो मिळणार? यादी वर्षभर तीच राहणार की नवे विद्यार्थी मधूनच येणार? अनोळखी माणूस कॅमेऱ्यासमोर येऊ शकतो का? पद्धत निवडताना याच तीन ओळी उपयोगी पडतील.

## २. फोटो सारखे करून घ्या

चेहरा कापा, दोन्ही डोळे आडव्या रेषेत येतील इतका फिरवा, सगळे फोटो एकाच मापाचे करा, कृष्णधवल करा. डोळे प्रत्येक फोटोत जवळपास त्याच जागी आले पाहिजेत. पुढे येणाऱ्या आयगनफेसेस आणि फिशरफेसेस या पद्धती पिक्सेलला पिक्सेल ताडतात. एका फोटोत डोळा जिथे आहे तिथे दुसऱ्यात भुवई आली तर पुढचं सगळं गणित वाया.

एक छोटा सापळा. ओपनसीव्ही रंगीत फोटो निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं, बाकीच्या बहुतेक लायब्ररी लाल-हिरवा-निळा या क्रमाने. क्रम न बदलता फोटो पुढच्या मॉडेलला दिला तर एरर येत नाही, फक्त निकाल गुपचूप बिघडतो.

## ३. डेटा विभागताना सांभाळा

फोटोंचे दोन भाग करायचे : ज्यांवरून यंत्र शिकतं ते ट्रेनिंगचे, आणि शिकून झाल्यावर ज्यांवर त्याची परीक्षा घ्यायची ते टेस्टिंगचे. परीक्षेत जितके टक्के बरोबर ती अॅक्युरसी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. 'आमची अॅक्युरसी ९९ टक्के' असं सांगणाऱ्या प्रोजेक्टांपैकी बऱ्याच जणांचा आकडा इथेच फुगलेला असतो.

ओलिवेट्टी डेटासेट म्हणजे ४० माणसांचे प्रत्येकी १० असे ४०० फोटो. एप्रिल १९९२ ते एप्रिल १९९४ या काळात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत काढलेले. मागे गडद पडदा, चेहरा बहुतेक समोर, कधी चष्मा तर कधी नाही. सायकिट-लर्नमधली आवृत्ती ६४ बाय ६४ पिक्सेलची आहे. फोटो माणसांच्या क्रमाने लावलेले आहेत : पहिले दहा पहिल्याचे, पुढचे दहा दुसऱ्याचे. न मिसळता शेवटचे शंभर टेस्टिंगला काढले तर ती दहा माणसं ट्रेनिंगमध्ये येणारच नाहीत आणि अॅक्युरसी शून्य दिसेल. नुसतं मिसळलं तर एखाद्याचे नऊ फोटो ट्रेनिंगला आणि दुसऱ्याचे पाच, असं होईल. 'स्ट्रॅटिफाय' हा पर्याय वापरा. प्रत्येकाचे फोटो सारख्या प्रमाणात वाटले जातात.

शून्य आलं तर निदान कळतं की काहीतरी चुकलं. उलटं होतं तेव्हा कळत नाही. तुम्ही वर्गातल्या मुलीसमोर मोबाइल धरून दहा सेकंदांचा व्हिडिओ घेता, त्यातून शंभर फ्रेम काढता, ऐंशी ट्रेनिंगला आणि वीस टेस्टिंगला टाकता. शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरक जवळजवळ नसतोच. म्हणजे यंत्राला परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आला. ट्रेनिंगचे फोटो एका दिवशी घ्या आणि टेस्टिंगचे दुसऱ्या दिवशी, वेगळ्या उजेडात, वेगळ्या कपड्यांत. आकडा खाली येईल. तोच खरा आकडा.

एलएफडब्ल्यूमध्ये आणखी एक गंमत आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट केंद्राने २००७ साली प्रसिद्ध केलेला हा संग्रह : ५,७४९ माणसांचे १३,२३३ फोटो, बातम्यांमधून घेतलेले. सरावासाठी साधारणपणे किमान ७० फोटो असलेली माणसंच घेतात, मग उरतात ७ माणसं आणि १,२८८ फोटो. त्यांतले ५३० एकट्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे. प्रत्येक फोटोला डोळे झाकून 'बुश' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमलाही ४१ टक्के मिळतात! म्हणून नुसती एकूण अॅक्युरसी सांगू नका. प्रत्येक माणसामागे किती बरोबर आले ते सांगा, आणि सर्वांत मोठ्या गटाचं नाव सतत घेतल्यावर किती मिळतात तेही शेजारी लिहा.

## ४. सर्वांत जवळचा शेजारी : इथून सुरुवात करा

नव्या फोटोचं ट्रेनिंगमधल्या प्रत्येक फोटोशी अंतर मोजायचं, सर्वांत कमी अंतर ज्याचं त्याचं नाव द्यायचं. केएनएन ते हेच, के म्हणजे किती शेजाऱ्यांचं मत घ्यायचं तो आकडा. माणशी चार-पाचच फोटो असतील तर के एकच ठेवा. के सात ठेवलात आणि फोटो पाच असतील, तर बाकीची दोन मतं नक्कीच परक्यांची.

ओलिवेट्टीवर पिक्सेल जसेच्या तसे देऊन हे चालवून पाहा. निकाल बऱ्यापैकी चांगला येतो, कारण फोटो सोपे आहेत. हा आकडा वहीत लिहा. पुढची प्रत्येक पद्धत याच्यापेक्षा किती बरी, एवढंच विचारायचं. हा पायाभूत आकडा न काढता थेट डीप लर्निंगवर, म्हणजे ढीगभर फोटोंवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर, उडी मारलेल्या गटाला 'त्याने नेमका किती फायदा झाला' याचं उत्तर देता येत नाही.

या पद्धतीची एक मोठी सोय लोक विसरतात. नवा विद्यार्थी आला तर त्याचा फोटो यादीत घालायचा, बस. पुन्हा ट्रेनिंग नाही.

## ५. आयगनफेसेस

६४ बाय ६४चा फोटो म्हणजे ४,०९६ आकडे. त्यांतले बरेचसे एकमेकांची री ओढतात, कारण गालावरचा एक पिक्सेल उजळ असेल तर शेजारचाही असतो. पीसीए ही पद्धत फोटोंमध्ये सर्वांत जास्त फरक कोणत्या दिशांना पडतो ते शोधते. त्या दिशा चित्र म्हणून काढल्या की भुतासारखे धूसर चेहरे दिसतात, म्हणून ते आयगनफेसेस. कोणताही चेहरा म्हणजे सरासरी चेहरा अधिक या धूसर चेहऱ्यांचं कमीजास्त मिश्रण. ४,०९६ आकड्यांऐवजी शंभर-दीडशे पुरतात. सिरोविच आणि कर्बी यांनी १९८७मध्ये चेहऱ्यांचं असं वर्णन मांडलं, आणि एमआयटीच्या टर्क व पेंटलंड यांनी १९९१मध्ये त्यावरून ओळख पटवून दाखवली.

रिपोर्ट लिहिताना तीन गोष्टी पाळा.

पीसीए ही वर्गीकरणाची पद्धत नाही. ती आकडे कमी करते. नाव देण्याचं काम त्यानंतर केएनएन किंवा एसव्हीएम करतं. 'पीसीए क्लासिफायर' असं लिहिलं की एक्स्टर्नल तिथेच थांबतात.

"आमची सिस्टीम डोळे आणि नाक यांतलं अंतर मोजते" असंही लिहू नका. ठरावीक खुणांमधली अंतरं मोजण्याचा मार्ग ताकेओ कानाडे यांनी क्योतो विद्यापीठातल्या १९७३च्या प्रबंधात घेतला होता. आयगनफेसेसला नाक म्हणजे काय हे माहीतच नाही.

आणि पीसीए फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर बसवा. आधी सगळ्या ४०० फोटोंवर बसवून मग विभागणी केली तर टेस्टिंगची माहिती आधीच आत शिरते. सायकिट-लर्नमधली 'पाइपलाइन' वापरली की हा घोळ आपोआप टळतो. दिशांची संख्या ट्रेनिंगच्या फोटोंपेक्षा जास्त मागता येत नाही, मागितली तर एरर येईल.

आयगनफेसेसचं खरं दुखणं मात्र उजेड हे आहे. सर्वांत जास्त फरक माणसामाणसांत असतो असं नाही. खिडकी डावीकडे की उजवीकडे, यानेच पिक्सेल जास्त बदलतात, आणि पहिल्या दोन-तीन दिशा बहुतेक वेळा त्यावरच खर्च होतात. त्या वगळून चालवून पाहा. प्रकाशाचा गोंधळ असलेल्या फोटोंवर फरक दिसेल.

## ६. फिशरफेसेस

पीसीए नावं पाहत नाही. एलडीए पाहते : एकाच माणसाचे फोटो जवळ यावेत आणि वेगवेगळ्या माणसांचे लांब जावेत, अशा दिशा ती शोधते. बेलह्यूमर, हेस्पान्हा आणि क्रीगमन यांनी १९९७मध्ये चेहऱ्यांसाठी ही वाट घेतली आणि बदलत्या उजेडात ती आयगनफेसेसपेक्षा सरस ठरते हे दाखवलं.

मर्यादा दोन. माणसं ४० असतील तर दिशा जास्तीत जास्त ३९ मिळतात, नेहमी माणसांपेक्षा एक कमी. आणि फोटोंपेक्षा पिक्सेल जास्त असल्यामुळे गणित अडतं, म्हणून आधी पीसीएने आकडे कमी करावे लागतात : ३०० फोटो, ४० माणसं, तर २६० पर्यंत. माणशी एकच फोटो असेल तर ही पद्धत सोडून द्या. एकाच माणसाच्या दोन फोटोंत किती फरक पडतो, हे तिला कळणार कुठून? ॲडमिशन फॉर्मवरचा एकच पासपोर्ट फोटो घेऊन फिशरफेसेस चालवायला निघालेले गट असतात, त्यांच्यासाठी हे वाक्य.

## ७. एलबीपीएच

फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात वाढलेली पद्धत. आहोनेन, हदीद आणि पिएतिकायनेन यांनी २००४मध्ये ती चेहऱ्यांसाठी वापरली. प्रत्येक पिक्सेलच्या भोवतीचे आठ शेजारी पाहायचे. शेजारी मधल्याइतका किंवा त्याहून उजळ असेल तर एक, नसेल तर शून्य. आठ शून्य-एकांचा मिळून ० ते २५५ मधला एक आकडा होतो. मग चेहऱ्याचे ८ बाय ८ असे ६४ चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात कोणता आकडा किती वेळा आला ते मोजायचं. एका चेहऱ्याचे झाले १६,३८४ आकडे.

शेजाऱ्याशी फक्त तुलना होत असल्यामुळे संपूर्ण फोटो उजळ किंवा अंधारा झाला तरी नमुना तोच राहतो. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ही पद्धत आयगनफेसेसपेक्षा जास्त टिकते. शिवाय ओपनसीव्हीच्या तीन रेकग्नायझरपैकी नवे फोटो मागाहून भरण्याची सोय या एकट्यातच आहे. बाकीचे दोन पहिल्यापासून शिकवावे लागतात. डीप लर्निंग वापरायचं नसेल तर हजेरीसाठी माझी शिफारस हीच.

आता सर्वांत जास्त लोकांना पाडणारा सापळा. ओपनसीव्ही निकालासोबत 'कॉन्फिडन्स' नावाचा एक आकडा देतं. तो विश्वास नाही, अंतर आहे. कमी असेल तितकं चांगलं, अगदी तोच फोटो दिला तर शून्य. 'कॉन्फिडन्स ८० पेक्षा जास्त असेल तर हजेरी लावा' असा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की मोजणं सोडून दिलं. तो कोड नेमका न जुळणाऱ्यांची हजेरी लावतो. शंभरातून वजा करून टक्के दाखवणारेही आहेत. हे अंतर शंभरच्या पुढे जाऊ शकतं, मग पडद्यावर उणे टक्के येतात.

आणखी एक निरीक्षण, जे व्हायव्हाला सांगितलं तर छाप पडेल : ओपनसीव्हीमधल्या आयगन, फिशर आणि एलबीपीएच या तिघांच्याही पोटात वर्गीकरण एकाच पद्धतीचं आहे, जवळचा शेजारी. बदलतं ते फक्त चेहऱ्याचं रूप आणि अंतर मोजायची रीत. म्हणजे 'आम्ही तीन क्लासिफायर ताडून पाहिले' हे विधान खरं नसतं.

## ८. एसव्हीएम

दोन शेतांच्या मधून जास्तीत जास्त रुंद बांध घालायचा आहे असं समजा. बांध किती रुंद होणार, हे त्याला अगदी लागून असलेल्या रोपांवर ठरतं, आतल्या रोपांना कोणी विचारत नाही. ती कडेची रोपं म्हणजे सपोर्ट व्हेक्टर. कॉर्टेस आणि वाप्निक यांच्या १९९५च्या लेखाने ही पद्धत घरोघरी गेली. फोटो कमी आणि आकडे जास्त, अशा परिस्थितीत ती चांगली चालते, आणि चेहऱ्यांची परिस्थिती नेमकी तशीच असते.

एसव्हीएम मुळात दोघांतच निवडतं. सायकिट-लर्नमधलं एसव्हीसी प्रत्येक जोडीसाठी वेगळा बांध घालतं आणि मग मतदान घेतं. ४० माणसांच्या ७८० जोड्या, ६० जणांच्या वर्गाच्या १,७७०. एवढ्याला लॅपटॉप डगमगत नाही, पण संपूर्ण कॉलेज भरायला गेलात तर जाणवेल. आणि एक विद्यार्थी वाढला तरी पुन्हा ट्रेनिंग.

करायचं असं : पीसीए दीडशेपर्यंत, त्यातला 'व्हाइटन' पर्याय (सगळ्या दिशांना सारखं माप देणारा) चालू, मग आरबीएफ कर्नलचं, म्हणजे वाकडा बांधही घालू शकणारं, एसव्हीएम. चुकांना किती माफी द्यायची ते ठरवणारा सी आणि बांध किती वळणदार ते ठरवणारा गॅमा, हे दोन आकडे अंदाजाने टाकू नका. 'ग्रिड सर्च' लावून, म्हणजे दोघांच्या बऱ्याच जोड्या करून पाहून, ट्रेनिंगच्या फोटोंमधूनच निवडा. एलएफडब्ल्यूच्या सात माणसांवर बुश यांचं पारडं जड आहे, तिथे 'क्लास वेट' हा पर्याय 'बॅलन्स्ड' ठेवा.

एक्स्टर्नलच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. यादी स्थिर आहे, माणशी पुरेसे फोटो आहेत, तर एसव्हीएम. यादी बदलती आहे किंवा माणशी एक-दोनच फोटो आहेत, तर जवळचा शेजारी.

नेव्ह बेज आणि डिसिजन ट्री यांच्यावर वेळ घालवू नका. पहिली पद्धत सगळे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र मानते, आणि शेजारचे पिक्सेल स्वतंत्र नसतात. दुसरी एकेका पिक्सेलवर निर्णय घेते, चेहरा जरासा सरकला की कोसळते. तुलनेचा तक्ता भरायचा असेल तर एक ओळ पुरे.

## ९. एम्बेडिंग : जिथे क्लासिफायर पुन्हा साधा होतो

२०१४मध्ये फेसबुकच्या डीपफेस या न्यूरल नेटवर्कने एलएफडब्ल्यूच्या जोड्यांवर, म्हणजे 'हे दोन फोटो एकाच माणसाचे का' या कसोटीवर, ९७.३५ टक्के मिळवले. त्याच कसोटीवर माणसांचा आकडा ९७.५३ धरला जातो. पुढच्याच वर्षी गूगलच्या फेसनेटने ९९.६३ गाठले. फेसनेट चेहऱ्याचे १२८ आकडे करतं, आणि शिकवताना एकच गोष्ट पाहतं : त्याच माणसाचा दुसरा फोटो परक्याच्या फोटोपेक्षा जवळ आला का. या १२८ आकड्यांना एम्बेडिंग म्हणतात. डीलिब या लायब्ररीचं तयार मॉडेलही १२८ आकडे देतं, आर्कफेस या पद्धतीची नेहमीची मॉडेलं ५१२.

असं एम्बेडिंग हातात आलं की वर्गीकरण पुन्हा चौथ्या पायरीवर येतं. अंतर मोजा, जवळचा शेजारी घ्या. फार तर साधं रेषीय, म्हणजे सरळ बांधाचं, एसव्हीएम. ज्या पद्धतीला आपण सर्वांत बाळबोध समजून सुरुवात केली, ती इथे पुरते, कारण अवघड काम आधीच झालेलं असतं.

वर्गातल्या साठ जणांचे फोटो घेऊन स्वतःचं न्यूरल नेटवर्क शून्यापासून शिकवायला जाऊ नका. डीपफेस शिकवायला चार हजारांवर माणसांचे चाळीस लाखांच्या घरातले फोटो लागले होते. तयार मॉडेल घ्या आणि रिपोर्टात तसं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. विंडोजवर डीलिब बसवायला सीमेक आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसची बिल्ड टूल्स आधी लागतात. सबमिशनच्या आदल्या रात्रीसाठी हे काम ठेवू नका.

## १०. थ्रेशोल्ड, म्हणजे 'माहीत नाही' म्हणायची सोय

एसव्हीएमला भिंतीचा फोटो दिला तरी ते साठांपैकी एक नाव देणार. केएनएनचंही तेच, सर्वांत जवळचा शेजारी मैलभर लांब असला तरी शेजारीच. म्हणून अंतराची मर्यादा ठरवायची : त्याच्या आत असेल तर नाव, बाहेर असेल तर 'अनोळखी'. डीलिबसाठी ०.६ हा आकडा सांगितला जातो. तो सुरुवातीला ठीक. तुमच्या कॅमेऱ्यावर, तुमच्या खोलीतल्या उजेडात तोच योग्य असेल असं नाही.

मर्यादा अशी काढा. ओलिवेट्टीच्या ४० पैकी १० माणसं ट्रेनिंगमध्ये घालूच नका, ती तुमची अनोळखी माणसं. मर्यादा थोडी थोडी सरकवत दोन आकडे मोजत जा : परक्याला चुकून नाव किती वेळा मिळालं, आणि आपल्याच माणसाला 'अनोळखी' किती वेळा म्हटलं. एक कमी केला की दुसरा वाढतो. कोणता जास्त नको, हे कामावरून ठरवायचं. हजेरीत आपल्या माणसाला नाकारलं तर तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहील; परक्याला हजर धरलं तर प्रॉक्सी लागली. मी मर्यादा कडक ठेवतो. ज्या फोटोंवर ती ठरवली त्यांच्यावरच अंतिम निकाल सांगू नका, वेगळे ठेवा.

यादी लांबली की धोका कसा वाढतो तेही पाहा. एका तुलनेत परक्याशी चुकून जुळण्याची शक्यता हजारात एक धरा. ऐकायला छान वाटतं. पण एका अनोळखी चेहऱ्याची साठ जणांशी तुलना झाली तर कोणाशी तरी चुकून जुळण्याची शक्यता सुमारे ५.८ टक्के होते. हजार जणांच्या यादीत तीच सुमारे ६३ टक्के, प्रत्येक तुलना स्वतंत्र मानली तर. वर्गात चाललेली सिस्टीम कॉलेजच्या गेटवर का ढेपाळते, याचं उत्तर या गणितात आहे.

थ्रेशोल्ड एक गोष्ट अडवू शकत नाही : मित्राचा फोटो मोबाइलवर उघडून कॅमेऱ्यासमोर धरणं. चेहरा त्याचाच असतो, अंतरही कमीच येतं. जिवंत माणूस समोर आहे का, हे तपासणं हा वेगळा विषय आहे. प्रोजेक्टात तो केला नसेल तर रिपोर्टातल्या 'सिस्टीमच्या मर्यादा' या परिच्छेदात स्वतःहून लिहा, एक्स्टर्नल मोबाइल काढायच्या आत.

## ११. चूक कोणाच्या वाट्याला जाते

अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये ९९ निर्मात्यांचे १८९ अल्गोरिदम तपासून अहवाल दिला. एकास एक पडताळणीत परक्याला आपला समजण्याच्या चुका गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या बाबतीत अनेक अल्गोरिदममध्ये १० ते १०० पट जास्त निघाल्या. म्हणून एलएफडब्ल्यूवरचा ९९ टक्क्यांचा आकडा आपल्या वर्गाला जसाच्या तसा लावू नका. त्या संग्रहात बातम्यांतले, मुख्यतः पाश्चात्त्य चेहरे आहेत. मुलं आणि मुली, चष्मा असलेले आणि नसलेले, दाढीवाले, डोक्यावर ओढणी घेणाऱ्या, असे आकडे वेगवेगळे काढून पाहा. एकाच विद्यार्थ्याला यंत्र रोज गैरहजर धरत असेल, तर सरासरी अॅक्युरसीत ते दिसत नाही.

## १२. कागदपत्रं

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला. १८ वर्षांखालच्यांचा डेटा वापरायचा तर त्यात पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. पॉलिटेक्निकवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण डिप्लोमाच्या वर्गात बरीच मुलं अठराच्या आतली असतात. कायद्याचा कीस कॉलेज पाडेल. प्रोजेक्टच्या गटाने निदान एवढं तयार ठेवावं :

- प्रत्येकाचं सही केलेलं संमतीपत्र, मराठीत आणि समजेल असं : कोणते फोटो, कशासाठी, कुठे ठेवणार, कधी पुसणार.
- अठराखालच्यांसाठी पालकांची सही.
- विभागप्रमुखांचं परवानगीपत्र आणि प्रोजेक्ट गाइडची सही.
- नकार देणाऱ्यांची हजेरी नेहमीप्रमाणे वहीत लागेल, असं लेखी.
- फोटोंसोबत एम्बेडिंगच्या फाइलही पुसल्याची तारीखवार नोंद. ते 'नुसते आकडे' असले तरी माणूस त्यांवरूनच ओळखला जातो.

फोटो कोडसोबत गिटहबवर चढवू नका. फोल्डर वगळण्याची ओळ पहिल्या दिवशीच लिहा, कारण एकदा चढलेली फाइल नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत राहते. रिपोर्टात चित्रं लागतीलच, तिथे वर्गमित्रांऐवजी ओलिवेट्टीतले चेहरे छापा आणि खाली एटी अँड टी लॅबोरेटरीज केंब्रिज असं श्रेय द्या. ते फोटो वापरणाऱ्यांकडून त्यांची तेवढीच अपेक्षा असते.